ट्रेलर किती मोठा घ्यावा? आधी ट्रकच्या दारावरचा स्टिकर वाचा

अमेरिकेतल्या एखाद्या मराठी कुटुंबानं पिकअप ट्रक घेतला की वर्ष-दोन वर्षांत ट्रेलरचा विषय निघतोच. मुलं लहान असतात, यलोस्टोन आणि ग्लेशियर बघायचं राहिलेलं असतं, उन्हाळ्यात हॉटेलांचे दर चढलेले असतात, आणि चार दिवसांनी बाहेरचं खाणं नको होतं. मग ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचं ठरतं. ओटा, फ्रीज, बिछाने, बाथरूम सगळं आत, आणि ते ट्रकच्या मागे जोडून निघायचं. डीलरच्या आवारात ३० फुटी ट्रेलर सगळ्यांना आवडतो. ब्रोशरमध्ये त्याचं वजन ६,५०० पौंड लिहिलेलं असतं. ट्रकच्या जाहिरातीत ओढण्याची क्षमता ११,००० पौंड. विक्रेता म्हणतो, "तुमचा ट्रक हा सहज ओढेल."

ओढेलही. आजच्या पिकअपच्या इंजिनात तेवढी ताकद आहे. पण तो भार ट्रकनं अंगावर पेलायचा असतो, बाजूच्या वाऱ्यात तो सरळ राहायला हवा आणि डोंगराच्या उतारावर तो थांबवता यायला हवा. नेहमीच्या हाफ-टन पिकअपमध्ये चौघांचं कुटुंब आणि सामान बसलं की सुरक्षित ट्रेलरचं वजन बहुतेक वेळा जाहिरातीतल्या आकड्याच्या निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. हे पैसे भरण्याआधी कळावं, म्हणून हा सगळा हिशेब मांडतो आहे. इथल्या किमती ढोबळ आहेत. राज्य, मोसम आणि दुकान बदललं की त्या बदलतील.

जाहिरातीतला आकडा कुठून येतो

हा आकडा खोटा नसतो. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं मानक आहे आणि बहुतेक मोठ्या कंपन्या आता त्यानुसारच क्षमता ठरवतात. २०११ च्या टुंड्रासाठी टोयोटानं ते सर्वांत आधी स्वीकारलं, बाकीच्या कंपन्या पुढच्या काही वर्षांत आल्या. चाचणी कडक आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा ११.४ मैलांचा चढ, बाहेर १०० अंश फॅरनहाइट तापमान, एसी पूर्ण सुरू, आणि तरीही मागे दोनच चाकं असलेल्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. शिवाय १२ टक्के चढावर उभ्या गाडीला पुन्हा पुन्हा पुढे-मागे निघावं लागतं.

मात्र या चाचणीत ट्रकमध्ये चालक आणि एकच सोबती धरलेला असतो, दोघंही १५० पौंडांचे. मागच्या सीटवर मुलं नाहीत, बेडमध्ये कूलर, सायकली, जनरेटर काही नाही. शिवाय ११,००० हा आकडा बहुधा त्या मॉडेलच्या सर्वांत अनुकूल आवृत्तीचा असतो. ठरावीक इंजिन, ठरावीक एक्सल रेशो आणि टोइंग पॅकेज असेल तरच तो लागू होतो. तुमच्या दारातला ट्रक चार दरवाजांचा, चारही चाकांना जोर असलेला, काचेच्या मोठ्या छपराचा असेल, तर तो मुळातच जड आहे, आणि जेवढा तो स्वतः जड तेवढी त्याची वाहून नेण्याची क्षमता कमी. एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या आवृत्तीत ४००-५०० पौंडांचा फरक सहज निघतो. ट्रेलर ओढायला ट्रक घेणार असाल तर साधी आवृत्ती घ्या. पैसे वाचतात आणि क्षमता वाढते.

दाराच्या चौकटीवरचा स्टिकर

चालकाचं दार उघडा. चौकटीवर टायरचं चित्र असलेला पिवळा-पांढरा स्टिकर दिसेल. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून वजन अमुक किलो किंवा अमुक पौंडांपेक्षा कधीही जास्त होता कामा नये. हा तुमच्या ट्रकचा पेलोड. तो कारखान्यातून बाहेर पडलेल्या त्या विशिष्ट गाडीसाठी काढलेला असतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या तशाच दिसणाऱ्या ट्रकवर वेगळा आकडा असू शकतो. टाकीतलं इंधन त्यात आधीच हिशेबात घेतलेलं असतं, चालक घेतलेला नसतो. डीलरनं मागाहून बसवलेल्या पायऱ्या, बेडवरचं झाकण, रबरी मॅट हे सगळं या आकड्यातून वजा करायचं. आणि ट्रेलरचा पुढचा दांडा हिचच्या गोळ्यावर जो भार टाकतो, तोही याच आकड्यात बसवायचा. बहुतेकांच्या ध्यानात हीच गोष्ट येत नाही.

तो भार म्हणजे टंग वेट. साध्या ट्रेलरचं टंग वेट भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. बैलगाडी मागून जड भरली तर जू वर उचललं जातं, गाडी उलाळ होते आणि बैलांना ती सावरत नाही, हे गावाकडे वाढलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. ट्रेलरचं गणित तेच आहे. पुढचा भार १० टक्क्यांच्या खाली गेला की ६० मैलांच्या वेगाला ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो आणि ते डोलणं वाढत जाऊन ट्रकलाच फिरवतं. त्यामुळे ट्रकला झेपत नाही म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवणं हा उपाय नाही, ते धोक्याला आमंत्रण आहे.

आता एक खरा वाटावा असा हिशेब करू. समजा स्टिकरवर १,४८० पौंड आहेत. हाफ-टन, चार दरवाजांच्या पिकअपला हा आकडा अगदी नेहमीचा. बाबा १७५, आई १४०, मुलं ९५ आणि ६०, मिळून ४७०. बेडमध्ये कूलर, खुर्च्या, छोटा जनरेटर, दोन सायकली, तांदळाची पिशवी, कुकर, किराणा, सगळं धरून १५०. मागाहून बसवलेल्या पायऱ्या आणि बेडवरचं झाकण ८०. हिचचं सामान ९०. एकूण ७९०. राहिले ६९० पौंड, आणि एवढंच टंग वेट आपल्याला परवडतं. टंग वेट ट्रेलरच्या १३ टक्के धरलं, तर भरलेला ट्रेलर सुमारे ५,३०० पौंडांचा. जाहिरातीत ११,००० होते.

आता उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा आले आहेत. त्यांना घरी ठेवून कोण जाईल? दोघांचे मिळून २९० पौंड. ६९० मधून ते गेले की ४०० उरतात. १३ टक्क्यांनी ट्रेलर येतो ३,१०० पौंडांच्या आत. ट्रक तोच, रस्ता तोच, आणि ट्रकमध्ये आणखी दोन माणसं बसल्यावर ट्रेलर २,२०० पौंडांनी कमी झाला. आपल्याकडे सहा महिन्यांसाठी आई-वडील येणं ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून सहलीला जास्तीत जास्त किती माणसं असतील ते धरूनच ट्रेलर निवडा. नाहीतर दोघांना मागून दुसऱ्या गाडीनं यावं लागेल. तीही वाईट सोय नाही, पण ती आधी ठरलेली असावी.

शिवाय ६९० म्हणजे ६९० पूर्ण वापरायचे असं नाही. ओल्या टॉवेलांपासून मुलांनी गोळा केलेल्या दगडांपर्यंत वजन वाढतच जातं. मी स्वतः १५ टक्के तरी हातचे राखतो. या हिशेबात भरलेला ट्रेलर ४,५०० पौंडांच्या आसपास ठेवला तर झोप शांत लागते.

एअर बॅग किंवा जादा स्प्रिंग बसवून पेलोड वाढतो, असं दुकानांत सांगतात. वाढत नाही. ट्रकचं शेपूट वर उचललं जातं, गाडी सपाट दिसते, एवढंच. एक्सल, चाकं, ब्रेक आणि फ्रेम तीच राहते, स्टिकरवरचा आकडाही तोच.

ट्रेलरच्या ब्रोशरमधलं वजन

ब्रोशरमध्ये ठळक छापलेलं असतं ते कोरडं वजन, म्हणजे कारखान्यातून निघालेला रिकामा ट्रेलर. पुष्कळदा त्यात बॅटरीही धरलेली नसते. पाण्याचं एक गॅलन ८.३४ पौंड. ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंडांवर वजन चढलं. २० पौंडी म्हणतात ती प्रोपेनची एक टाकी भरल्यावर साधारण ३७ पौंड भरते, आणि बहुतेक ट्रेलरवर दोन असतात. दोन साध्या बॅटऱ्या १०० ते १२० पौंड. त्यात भांडी, पांघरुणं, कपडे, सांडपाण्याचा पाइप, चाकांखालचे ठोकळे, छत्री आली. ४,३०० पौंड कोरडा असलेला ट्रेलर कुटुंबाच्या सामानासह ५,२०० च्या पुढे गेला तर नवल नाही.

म्हणून सोपा आणि सुरक्षित रस्ता असा की कोरडं वजन विसरा आणि ट्रेलरचं भारासह कमाल वजन पाहा. ते ट्रेलरच्या बाहेर, पुढच्या डाव्या बाजूच्या लेबलवर असतं. सगळा हिशेब त्या आकड्यावर करा. तो बसला तर ट्रेलर कसाही भरला तरी आपण मर्यादेत राहतो. टंग वेटही ब्रोशरमधलं धरू नका. तेही रिकाम्या ट्रेलरचं असतं, आणि पुढच्या कप्प्यात सामान, दांड्यावर गॅस आणि बॅटऱ्या आल्या की ते दीडपटीपर्यंत जातं. आतली मांडणीही बघा. पाण्याची टाकी एक्सलच्या पुढे आहे की मागे, ओटा आणि कपाटं कुठे आहेत, यावरून पुढचा भार ठरतो. विक्रेत्याला टाकी कुठे आहे ते विचारा. त्याला सांगता आलं नाही तर खाली वाकून बघा.

मागच्या चाकांवर बसणारे, ट्रकच्या बेडमध्येच जोडले जाणारे फिफ्थ व्हील ट्रेलर डोलत कमी असले तरी त्यांचा २० टक्क्यांच्या आसपास भार ट्रकवर येतो. हाफ-टन ट्रकवाल्यांनी सहसा त्यांचा विचार सोडावा.

लांबी आणि वारा

वजन बसलं तरी लांबी स्वतंत्रपणे तपासावी लागते. ट्रेलर ओढणाऱ्यांत एक अनुभवाचा ठोकताळा चालतो. ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ११० इंच असेल तर ट्रेलर २० फुटांपर्यंत, आणि पुढच्या दर ४ इंचांना एक फूट जास्त. १४५ इंचांच्या मोठ्या पिकअपला २८ फूट येतात, टॅकोमासारख्या मध्यम ट्रकला २४-२५. हा कायदा नाही, पण यापलीकडे जाणाऱ्याला मी थांबवेन. २८ फूट लांब आणि १० फूट उंच भिंत आडव्या वाऱ्यात कशी वागते, हे वायोमिंगमधल्या आय-८० वर गेल्यावर कळतं. लॅरमी ते रॉलिन्स या पट्ट्यात वारा एवढा असतो की हलक्या आणि उंच वाहनांसाठी तो रस्ता वेळोवेळी बंद केला जातो. यलोस्टोनला पूर्वेकडून निघालेल्या कुटुंबांची वाट बऱ्याचदा हीच असते. त्या दिवशी ट्रक-स्टॉपवर मुक्काम करायची तयारी ठेवा.

ट्रेलरचं तोंड किती मोठं चालेल, म्हणजे समोरून हवेला किती चौरस फूट अडवलेलं चालेल, याचीही मर्यादा ट्रकच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ते पान वाचा. लांबीचा आणखी एक परिणाम राष्ट्रीय उद्यानांत जाणवतो. ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या डोंगरी भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी आहे आणि त्यात ट्रक व ट्रेलरची लांबी एकत्र धरतात. म्हणजे ट्रेलर कॅम्पग्राउंडवर ठेवूनच वर जायचं. जुन्या सरकारी कॅम्पग्राउंडांतल्या बऱ्याच जागा लहान ट्रेलरच्या काळातल्या आहेत. २२-२४ फुटी ट्रेलरला जागा मिळते तिथे ३० फुटीला मिळत नाही.

उंचीचाही हिशेब आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्क्यांनी घटते. कोलोराडोतला आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे, तिथे जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. टर्बो इंजिनाला हा त्रास कमी. डोंगरात जाणाऱ्यांनी ट्रक आणि ट्रेलर मिळून कमाल किती वजन चालतं, हा मॅन्युअलमधला तिसरा आकडाही तपासावा आणि त्याच्या टोकाला जाऊ नये.

पंधरा डॉलरची खात्री

हा सगळा कागदावरचा हिशेब झाला. खरी खात्री वजनकाट्यावरच होते, आणि ती स्वस्त आहे. हायवेवरच्या मोठ्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. एका वजनाचे १५ डॉलरच्या आसपास पडतात, आणि २४ तासांच्या आत पुन्हा केल्यास आणखी कमी. रविवारी सकाळी लवकर जा, म्हणजे मागे मोठ्या ट्रकांची रांग नसते. काट्यावर तीन वेगळ्या फरशा असतात. पुढची चाकं पहिल्या फरशीवर, मागची दुसरीवर आणि ट्रेलरची तिसरीवर येतील अशी गाडी हळू नेऊन उभी करा. शेजारच्या खांबावरचं बटण दाबून आपली खासगी गाडी आहे एवढं सांगा, किंवा त्यांच्या ॲपवरून वजन करा. आत जाऊन चिठ्ठी घ्या. तीवर तिन्ही वजनं सुटी छापलेली असतात.

वजन तीनदा करा. आधी ट्रेलर सोडून, पण सगळी माणसं आणि सामान ट्रकमध्ये घेऊन. समजा पुढे ३,२१० आणि मागे ३,१५०, एकूण ६,३६० आले. मग ट्रेलर जोडून, भार वाटून देणाऱ्या वेट डिस्ट्रिब्यूशन हिचच्या सळ्या न लावता. पुढे २,९७०, मागे ४,०१०, ट्रेलरच्या चाकांवर ४,१८०. ट्रकचे ६,९८० झाले, म्हणजे ६२० वाढले. हेच टंग वेट. ट्रेलरचं खरं वजन ४,१८० अधिक ६२०, म्हणजे ४,८००. ६२० म्हणजे त्याच्या जवळजवळ १३ टक्के, उत्तम. पण या ट्रकची भारासह कमाल वजनाची मर्यादा ७,०५० असेल तर हातात फक्त ७० पौंड उरले आहेत, हेही दिसलं. आणखी एक गोष्ट पाहा. पुढच्या चाकांवरचा भार २४० पौंडांनी उतरला आहे. स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही त्या चाकांवर अवलंबून असतात.

तिसऱ्यांदा सळ्या लावून. पुढे ३,१३०, मागे ३,७५०, ट्रेलर ४,२८०. पुढच्या चाकांना गेलेल्या २४० पैकी १६० परत मिळाले. किती परत आणावेत ते मॅन्युअल सांगतं. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच काम काय करते ते या चिठ्ठीत डोळ्यांनी दिसतं. मागे साचलेला भार ती पुढच्या आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटून देते. ट्रकची क्षमता मात्र ती वाढवत नाही.

मागच्या एक्सलची वेगळी मर्यादा दाराच्या चौकटीवरच असते, ती या चिठ्ठीशी ताडून पाहा. ट्रकखालच्या हिचवरही एक लेबल असतं. बऱ्याच हाफ-टन ट्रकांवर त्यात सळ्यांशिवाय ट्रेलर ५,००० आणि टंग ५०० पौंड एवढीच मर्यादा लिहिलेली आढळते. वरच्या उदाहरणातलं ६२० त्यात बसत नाही, म्हणून तिथे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच ऐच्छिक राहत नाही.

जोडसामानाचा आणि वर्षाचा खर्च

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच डोलणं रोखणाऱ्या जोडणीसह ४०० ते ९०० डॉलर. इथे काटकसर करू नका. ट्रकमध्ये कारखान्यातून ब्रेक कंट्रोलर नसेल तर १०० ते २०० डॉलर, आणि बसवणावळ वेगळी. ट्रक ज्या जोरानं थांबतो त्या प्रमाणात ट्रेलरला ब्रेक देणारा कंट्रोलरच घ्या. ठरावीक वेळानं ब्रेक देणारा स्वस्त पडतो, पण गर्दीत तो झटके देतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक कधी सक्तीचे, हे राज्यागणिक बदलतं. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपासून, कॅलिफोर्नियात १,५०० पासून. मी म्हणेन की कुटुंब घेऊन निघणाऱ्यानं बिनब्रेकचा ट्रॅव्हल ट्रेलर घेऊच नये. ट्रकच्या आरशांना लावायच्या जोडआरशांची जोडी ३० ते १०० डॉलरला मिळते.

जुना ट्रेलर घेणार असाल तर टायरचं वय वाचा. बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी नवी कोरी दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर ट्रेलरचे टायर बदलावेच लागतात, कारण ते झिजत नाहीत, उभ्या उभ्या उन्हानं कुजतात. चार टायरांचे ५०० ते ७०० डॉलर किमतीतूनच कापून मागा. छपराचे सांधेही शिडी लावून पाहा. पाणी आत मुरलेला ट्रेलर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

वर्षाचा खर्च असा. एचओएनं दारात उभा करू दिला नाही तर साठवणुकीचे महिन्याला ५० ते २०० डॉलर. चाकांच्या बेअरिंगला ग्रीस आणि ब्रेक तपासणी १५० ते ३००. विमा काही शे. ट्रकच्या विम्यातलं दुसऱ्याच्या नुकसानीचं संरक्षण बहुधा ओढताना ट्रेलरला लागू होतं, पण ट्रेलरच्या स्वतःच्या नुकसानीला वेगळी पॉलिसी लागते. एजंटकडून हे लेखी घ्या. इंधनाचं सांगायचं तर एरवी गॅलनला २० मैल देणारा ट्रक ट्रेलर जोडल्यावर १० च्या आसपास देतो. २,००० मैलांच्या सहलीला १०० ऐवजी २०० गॅलन, म्हणजे साडेतीन डॉलर दरानं ३५० जास्त.

या सगळ्यापेक्षा मोठा खर्च म्हणजे आधी मोठा ट्रेलर घेऊन मग तो पेलायला थ्री-क्वार्टर-टन ट्रक घेणं. त्यात डिझेल इंजिन घेतलं तर दहा हजारांच्या आसपास जास्त मोजावे लागतात, आणि ते इंजिनच जड असल्यानं पेलोड पेट्रोलवाल्यापेक्षा कमी निघतो. विक्रेत्याच्या गोड शब्दावर ३० फुटी ट्रेलर घेतलेल्यांची पुढची खरेदी पुष्कळदा हीच असते. पाच फूट लहान ट्रेलरनं ती टळते.

म्हणून पहिल्या वर्षी विकत घेऊच नका. आउटडोअर्सी किंवा आरव्हीशेअरवर लोक आपले ट्रेलर भाड्यानं देतात, रात्रीला साधारण ७५ ते १५० डॉलर, वर विमा आणि सफाईचे वेगळे. काही मालक ट्रेलर कॅम्पग्राउंडवर आणून, सपाट करून, पाणी-वीज जोडून देतात. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांना ही सोय फार मोलाची आहे. ट्रकमध्ये सगळे आरामात बसतात आणि ओढायचं काहीच नसतं.

राज्य बदलताना यू-हॉल ओढणाऱ्यांनाही हेच गणित लागू आहे. त्यांचा ५ बाय ८ चा बंद ट्रेलर रिकामा ९०० पौंड, भरून जास्तीत जास्त २,७००. ६ बाय १२ चा रिकामाच १,९२० आणि भरून ४,४००. गाडी वाहून नेणारा ट्रान्सपोर्ट २,२१० पौंडांचा, त्यावर कॅमरी चढवली की साडेपाच हजारांच्या पुढे. त्यांचा नियम ताशी ५५ मैलांचा आहे आणि तो पाळावा. पुस्तकांची खोकी ट्रेलरच्या पुढच्या निम्म्यात, कपडे आणि गाद्या मागे, असं ६० टक्के वजन पुढे भरा.

पहिल्या फेरीआधी

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ आहे. इतरत्र ७५ चालत असली तरी ट्रेलरचे बरेच टायर ६५ साठीच बनवलेले असतात. ट्रेलर डोलायला लागला तर ट्रकचा ब्रेक जोरात दाबू नका आणि स्टीअरिंग उलटसुलट फिरवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टीअरिंग सरळ धरा, आणि कंट्रोलरची कळ हातानं दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागे ओढून ताणला जातो आणि सरळ होतो. ही कळ कुठे आहे ते घरातल्या दुसऱ्या चालकालाही दाखवून ठेवा, आणि रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी २० मैलांना एकदा दाबून पाहा.

पहिली फेरी घराजवळच्या पन्नास-साठ मैलांवरच्या राज्य उद्यानाची ठेवा. सेफ्टी चेन दांड्याखाली एकमेकींवरून आडव्या घ्या, म्हणजे जोड सुटला तरी दांडा रस्त्यावर न पडता त्यांच्यात अडकतो. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल चेनला नव्हे, ट्रकला वेगळी अडकवा. आणि चाकं नवी बसवलेली असतील तर १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून नट टॉर्क रेंचनं पुन्हा आवळून घ्या.